संघ मालकाचा, मैदान कुणाचे?

पिंगळीच्या पारावर बास्केटबॉलचा विषय काढला तर लोक आधी हसतील. आमच्याकडे कबड्डी, कुस्ती आणि रान मोकळे झाले की क्रिकेट. तरीही आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल संघाची हकिगत सांगणार आहे. ती वरवर खेळाची आहे, पण मुळात गावाच्या तिजोरीची आहे. ग्रामसभेत बसून हिशेब ऐकणाऱ्या माणसाला ती लगेच उमगेल.

आपल्याकडे मुंबईचा रणजी संघ उद्या उठून सुरतेला जाईल, ही कल्पनाच करवत नाही. अमेरिकेत मात्र व्यावसायिक संघ ही मालकाची खासगी मिळकत असते. त्यांच्या बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, २००४ पासून तीसच संघ आहेत. संघ हवा असलेली शहरे त्याहून जास्त. माल थोडा आणि गिऱ्हाईक फार, असे झाले की विकणारा अडवतो. मालक शहराला सांगतो, मला नवे क्रीडागृह बांधून द्या, नाही तर मी बिऱ्हाड हलवतो.

किंग्ज नावाच्या संघाने अशी किती बिऱ्हाडे केली ते पाहा. हा संघ मूळचा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. १९५१ साली त्याने तिथे अजिंक्यपद मिळवले. १९५७ मध्ये तो सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथे. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या मालकांनी सिॲटलच्या धनिकांशी विक्रीचा करार केला. पुन्हा सामान बांधायची वेळ आली.

सिॲटलचीही एक दुखरी बाजू होती. त्या शहराचा सुपरसॉनिक्स हा संघ ४१ वर्षे तिथे नांदला. नव्या मालकाने सुमारे पन्नास कोटी डॉलरच्या क्रीडागृहासाठी सार्वजनिक पैसा मागितला, तो मिळाला नाही आणि २००८ मध्ये संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. भाडेकरार मुदतीआधी मोडल्याबद्दल शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले, एवढेच. ज्याचा संघ गेला, तेच शहर आता दुसऱ्याचा संघ न्यायला निघाले होते.

सॅक्रामेंटोच्या मदतीला आलेले नाव आपल्या ओळखीचे आहे. विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले, शिकायला अमेरिकेत गेलेले आणि संगणक उद्योगात नाव कमावलेले. महापौर केव्हिन जॉन्सन हे स्वतः एनबीएमधले नावाजलेले खेळाडू. त्यांनी स्थानिक खरेदीदारांची जुळवाजुळव केली. मे २०१३ मध्ये लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले. रणदिवे यांच्या गटाने संघाचा मोठा हिस्सा घेतला आणि ते एनबीए संघाचे पहिले भारतीय वंशाचे प्रमुख मालक झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत वरळीला खेळून गेला. भारतातले एनबीएचे ते पहिलेच सामने.

इथवर गोष्ट गोड आहे. पण संघ राहील तर नव्या क्रीडागृहासाठी, ही अट होती. २०१४ मध्ये नगर परिषदेने मंजूर केलेला खर्च ४७ कोटी ७० लाख डॉलर, त्यात शहराचा वाटा सुमारे २५ कोटी ५० लाख. निम्म्याहून जास्त! हा पैसा आणायचा कुठून? शहराने आपल्या वाहनतळांच्या पुढल्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जरोखे काढले. म्हणजे पुढच्या हंगामाचे पीक आजच गहाण टाकल्यासारखे. या खर्चावर जनमत घ्या म्हणून नागरिकांनी सह्या गोळा केल्या होत्या. तो अर्ज तांत्रिक दोषांवरून कोर्टात टिकला नाही. २०१६ मध्ये क्रीडागृह उघडले.

मात्र शहराने काही गोष्टी कागदावर पक्क्या करून घेतल्या. इमारत शहराच्या मालकीची. संघाने ३५ वर्षे जागा सोडायची नाही. खर्च वाढला तर तो संघाने सोसायचा. खर्च खरोखरच वाढला, आणि तो बोजा शहरावर आला नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. क्रीडागृहामुळे शहर श्रीमंत होते का? अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी यावर अनेक वर्षे अभ्यास केले आहेत आणि बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. कारण साधे आहे. जत्रेत बायको-मुलांवर शंभर रुपये खर्च झाले, तर त्या आठवड्याच्या बाजारात शंभराची खरेदी कमी होते. सामन्याच्या तिकिटाचा पैसा असाच सिनेमा आणि खाणावळीतून वळलेला असतो. राहता राहिला अभिमान. तो खोटा नाही. पण अभिमानाची किंमत देताना ती अभिमानाची आहे हे माहीत असावे, विकासाची म्हणून ती वसूल होऊ नये.

आता आपल्याकडे येऊ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत तिकिटांच्या वाटणीवरून क्रिकेट संघटना आणि ब्रेबर्न स्टेडियमचा मालक असलेला क्लब यांच्यात बिनसले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर दुसरे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. कसोटी सामन्यांनी मुंबईतल्या मुंबईत घर बदलले आणि ब्रेबर्नला पुढची कसोटी थेट २००९ मध्ये मिळाली. त्या जमिनीचा ५० वर्षांचा पट्टा २०१८ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी थकबाकीची नोटीस निघाली. आपल्याकडची सरकारी मदत ही अशी जमिनीच्या रूपाने येते. कधी ती पोलीस बंदोबस्ताच्या रूपाने येते. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर कमी केले आणि तेही २०११ पासून लागू केले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली.

आणि कधी ती पाण्याच्या रूपाने येते. हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. पिंगळी परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचे गाव. रेल्वेने माणसे आणि माल येतो हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, पण १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचले. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. मैदानांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, दुष्काळ निधीला पैसे देऊ, असे क्रिकेटवाल्यांनी सांगून पाहिले. सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. अंतिम सामन्यासह डझनभर सामने राज्याबाहेर गेले. मुंबई आणि पुणे या संघांनी आपले उरलेले ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळले.

त्या निकालाने लातूरच्या नळाला पाणी आले का, असे तेव्हा अनेकांनी उपहासाने विचारले. नाही आले. वानखेडेवर न मारलेले पाणी लातूरला थोडेच येणार होते! पण मला त्या निकालाचे मोल वेगळ्या ठिकाणी वाटते. अमेरिकेत मालक ‘जातो’ म्हणाला की शहर खिसा उघडते. इथे एका जनहित याचिकेमुळे, खेळाला आपण सार्वजनिक काय देतो, हा हिशेब उघड्यावर मांडावा लागला. मैदानावरचे पाणी हेही सार्वजनिक द्रव्यच आहे, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा पुष्कळांच्या ध्यानात आले.

मी खेळाच्या विरोधात नाही. तालुक्याला चांगले मैदान हवे, मुलींना धावायला जागा हवी, आणि त्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, असेच मी म्हणेन. पण उद्या परभणीत कुणी मोठे स्टेडियम बांधायचे म्हणाले, तर नारळ फुटण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. जमीन कुणाच्या नावावर राहणार? खर्च वाढला तर कोण भरणार? पाणी कुठून येणार? आणि सामने नसतील त्या दिवशी आमच्या शाळेच्या पोरांना दार उघडे असेल का? उत्तरे तोंडी नकोत, सातबारा जसा लेखी असतो तशी लेखी हवीत.