शिंपला, कान आणि चुंबन : मेक्सिकोतील गोड पावाचा इतिहास

मेक्सिकोतील 'पनादेरिया'त, म्हणजे बेकरीत शिरल्यावर गिऱ्हाईक प्रथम पत्र्याचे एक मोठे ताट आणि एक चिमटा हाती घेते. फळ्यांवर मांडलेल्या पावांपैकी हवे ते चिमट्याने उचलून ताटात ठेवायचे आणि शेवटी हिशोब करून घ्यायचा, अशी तिथली रीत. या गोड पावांना 'पान दुल्से' असे सरसकट नाव आहे. पण साहित्याच्या वाचकाचे लक्ष चवीइतकेच प्रत्येक पावाच्या स्वतंत्र नावाकडे जाते. वर साखरेचा भेगाळलेला थर असलेला गोल पाव म्हणजे 'कोंचा', शिंपला. कुरकुरीत पापुद्र्यांचा 'ओरेखा', कान. 'क्युएर्नो' म्हणजे शिंग. 'पुएर्कितो' हे डुकराचे पिल्लू. त्यात डुकराचा संबंध आकारापुरताच, चव गुळाची आणि दालचिनीची. जॅमने एकमेकांना चिकटवलेले दोन अर्धगोल म्हणजे 'बेसो', चुंबन. साखरेचे कण विखुरलेली 'चिलिंद्रिना' तर इतकी घरोघरी पोहोचलेली, की १९७०च्या दशकातील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतल्या वांगाचे डाग असलेल्या मुलीला तेच नाव मिळाले.

हे सारे 'पारंपरिक' म्हणून ओळखले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र ही परंपरा कोणाची, असा प्रश्न विचारला की उत्तर सोपे राहत नाही. या पावांतील गहू, साखर, लोणी, दूध, डुकराची चरबी यांपैकी एकही वस्तू १५१९पूर्वी त्या भूमीवर नव्हती. तिथले धान्य मका. चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटलेल्या मक्याची भाकरी हे तिथले अन्न. माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथात तर देवांनी माणूस घडवला तोच मुळी मक्याच्या पिठापासून.

गहू आला तो जेत्यांबरोबर. तो पहिल्यांदा पेरल्याचा दावा करणारा माणूस मात्र स्पॅनिश नव्हता. हुआन गारिदो हा आफ्रिकेत जन्मलेला कृष्णवर्णीय सैनिक एर्नान कोर्तेसच्या मोहिमेत होता. १५३८ साली स्पेनच्या राजाकडे केलेल्या अर्जात, नव्या स्पेनमध्ये गहू पेरून पाहणारा पहिला माणूस आपणच, असे त्याने नोंदवले आहे. तांदळाच्या पोत्यात गव्हाचे तीन दाणे सापडले आणि त्यांतूनच पीक उभे राहिले, अशी कथाही सांगतात.

गहू हे केवळ खाण्याचे धान्य नव्हते. कॅथलिक उपासनेतील प्रसादाची भाकरी गव्हाचीच असावी लागते. मक्याची चालत नाही. शिवाय मका खाल्ल्याने आपली शरीरप्रकृतीच बदलेल, अशी भीती स्पॅनिश वसाहतकारांच्या मनात होती. धान्यावरून माणसाची जात आणि श्रद्धा ठरू लागली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपला 'पाव' पोर्तुगिजांकडून आला. तो शब्द आणि 'पनादेरिया' हे दोन्ही लॅटिन 'पानिस'चे वंशज. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत आपल्या किनाऱ्यावर दीर्घकाळ होती.

वसाहतकाळात पावाचे भाव आणि वजन सरकार ठरवून देई. श्रीमंतांसाठी पांढऱ्या पिठाचा पाव, गरिबांसाठी हलक्या पिठाचा 'पान बासो'. त्याचाच पुढे 'पांबासो' झाला. भट्टीवर राबणारे मजूर पुष्कळदा कर्जात अडकलेले असत आणि त्यांना आवारात कोंडून ठेवले जाई. शिक्षा झालेल्या कैद्यांनाही तिथे धाडत. आज हौसेने उचलल्या जाणाऱ्या पावामागे ही बंद दारे आहेत.

स्वातंत्र्यानंतर फ्रान्सचा प्रभाव आला, आणि तोही नुसत्या चवीचा नव्हता. मेक्सिकन सैनिकांनी आपले दुकान लुटले, अशी एका फ्रेंच मिठाईवाल्याची तक्रार होती. अशा अनेक तक्रारींची मिळून सहा लाख पेसोंची भरपाई मागत फ्रान्सने १८३८ साली व्हेराक्रुझ बंदराची नाकेबंदी केली. या संघर्षाला इतिहासात 'पेस्ट्रीयुद्ध' असेच नाव पडले. पुढे पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत उच्चवर्गाला फ्रेंच राहणीचे वेड लागले. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस या विचारवंताने मानवजातीची गहू, तांदूळ आणि मका खाणाऱ्यांत विभागणी केली आणि प्रगती गहू खाणाऱ्यांचीच, असा निर्वाळा दिला. जेत्यांची जुनी भीती आता शास्त्राच्या भाषेत बोलू लागली होती.

अशा परिस्थितीत सामान्य माणसाने काय केले? त्याने मका सोडला नाही आणि पावही नाकारला नाही. भट्टीतून निघणाऱ्या परक्या वस्तूंना त्याने आपल्या घरातली, अंगणातली, थट्टामस्करीतली नावे दिली. भारदस्त फ्रेंच पापुद्र्यांना 'कान' म्हणण्यात एक खट्याळ सलगी आहे, आणि सलगी हा मालकी मिळवण्याचा मार्ग असतो. कोंचाचेच पाहा. आतला पाव युरोपीय पद्धतीचा, फारसा गोड नसलेला; पण वरच्या थराचे दोन नेहमीचे स्वाद म्हणजे व्हॅनिला आणि चॉकलेट. हे दोन्ही त्याच भूमीतले, स्पॅनिश गलबतांच्या कितीतरी आधीचे.

या इतिहासात एका मराठी माणसाचीही जागा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२०च्या दशकात मेक्सिकोतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवत होते. मका आणि गहू या दोन्ही पिकांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. बुल्नेसने एकमेकांविरुद्ध उभी केलेली दोन धान्ये इथे एकाच माणसाच्या कामात एकत्र आली. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा यांचे 'आमची रोजची भाकर' हे भित्तिचित्र आहे. त्यात मेजाशी बसून सर्वांना पाव मोडून देणारा माणूस खानखोजे यांच्यावरून रंगवला, असे सांगितले जाते.

पारंपरिक खाद्यपदार्थांविषयी लिहिताना आपण बहुधा 'अस्सल' आणि 'परके' असे दोन कप्पे करतो. गरम चॉकलेटमध्ये बुडवलेला कोंचा यांपैकी कोणत्याही कप्प्यात बसत नाही. तो लादला गेला, कोंडलेल्या हातांनी मळला गेला आणि मग खाणाऱ्यांनी त्याचे बारसे केले. आपल्या वडापावाकडेही एकदा अशा दृष्टीने पाहायला हरकत नाही.