अंगात येणे, पुनर्जन्म आणि बहुव्यक्तिमत्त्व : नागपूरच्या एका प्रकरणाचे वाचन

१९७४ मध्ये नागपूर विद्यापीठातील एक मराठीभाषक अध्यापिका मधूनमधून स्वतःला 'शारदा' म्हणवू लागली. त्या अवस्थेत ती बंगाली बोले, आप्तांना ओळखत नसे आणि आपण एकोणिसाव्या शतकारंभीच्या बंगालमधील विवाहिता असून आपल्याला सर्पदंश झाला, असे सांगे.

इयान स्टीव्हन्सन व सतवंत पसरिचा यांनी १९८० मध्ये या प्रकरणाचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला, तो पुनर्जन्माच्या संदर्भात. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेच्या 'डीएसएम-३' या निदानसूचीत 'बहुव्यक्तिमत्त्व विकृती'ला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे स्टीफन ब्रॉड या तत्त्वज्ञाने स्टीव्हन्सन यांनी तिच्या मानसिक जीवनाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा आक्षेप घेतला. तिला बंगालीची पूर्वओळख होती, हेही येथे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

हेच वर्तन नागभीड परिसरातील एखाद्या खेड्यात घडले असते, तर लोक त्याला 'अंगात आले' किंवा 'बाहेरची बाधा' म्हणाले असते. नाव बदलले की प्रश्न बदलतात. डॉक्टर बालपणातील आघात शोधतो, पुनर्जन्माचा अभ्यासक बंगालमधील घराणे, तर मांत्रिक आलेल्याचे नाव विचारतो. त्या स्त्रीला काय सोसावे लागले, हे विचारलेच जाईल याची शाश्वती तिन्हींत नाही. मांत्रिकाकडे तर पुष्कळदा मारच मिळतो. भूत उतरविण्याच्या नावाखालील अशी मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरली. त्याच वर्षीच्या 'डीएसएम-५' ने या विकृतीच्या निकषातच 'काही संस्कृतींत झपाटल्याचा अनुभव' असा उल्लेख अंतर्भूत केला.