घडी, गुंडाळी आणि पोथी

कागदावरचं चित्र एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायचे मार्ग तीनच. घडी घाला, गुंडाळी करा, नाहीतर सपाट ठेवा. चौथा अजून कुणाला सुचलेला नाही. यातला कुठला मार्ग निवडला यावरून त्या चित्राची त्या वेळी काय किंमत होती ते बरोबर कळतं, असं माझं मत होत चाललंय.

आधी घडी. अमेरिकेत नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी १९४० च्या सुमारापासून पुढची चार दशकं सिनेमाची पोस्टरं गावोगावच्या थेटरांना पाठवायची. २७ बाय ४१ इंचाच्या पोस्टराला तीन आडव्या घड्या आणि एक उभी. झालं, पाकिटात मावलं! घडीवर कागदाचे तंतू तुटतात, रंग उडतो, दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोक पडतं. पण आठवड्याभरानं जे चित्र खाली उतरणार, त्याच्या भोकाची काळजी कोण करतो? १९८० च्या दशकात पोस्टरं गुंडाळून पाठवायची पद्धत रूढ झाली. गंमत म्हणजे आज संग्राहक त्या जुन्या घड्यांना दोष मानत नाहीत. घडी म्हणजे जुनेपणाची खूण.

याहून वाईट नशीब जपानी चित्रांचं. फेलिक्स ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकाराला १८५६ साली पॅरिसमध्ये होकुसाईच्या चित्रांचं पुस्तक सापडलं, ते म्हणे चिनीमातीच्या भांड्यांभोवती पॅकिंग म्हणून आलं होतं. अभ्यासक या गोष्टीकडे जरा संशयानंच बघतात. पण ती टिकून राहिली, कारण ती पटते. जे ढिगानं छापलं जातं ते आधी रद्दी असतं आणि नंतर कधीतरी कला होतं.

आता गुंडाळी. बंगालचे पट, राजस्थानची फड, जपानची लटकती चित्रं, ही सगळी मुळात गुंडाळण्यासाठीच केलेली. आपल्याकडे जन्मपत्रिका असायची तशी. जपान्यांनी एक गोष्ट मात्र फार पूर्वी ओळखली. जाड रंगाचं चित्र बारीक काठीवर गुंडाळलं तर रंगाला तडे जातात. म्हणून ते काठीवर एक जाड लाकडी रूळ बसवतात आणि त्यावर चित्र गुंडाळतात. गुंडाळी जितकी जाड, तितका ताण कमी. आजही नळीतून पोस्टर पाठवायचं तर हाच नियम. नळी निदान १० सेंटीमीटर व्यासाची हवी आणि चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी लांब, म्हणजे आपटली तरी मार नळीच्या कडेला बसतो, चित्राच्या नाही.

आणि तिसरा मार्ग तर आपल्या घरातलाच आहे. पोथी! सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती घट्ट बांधलेलं फडकं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आपली चित्रं अशीच सुटी, गठ्ठ्यानं ठेवत, आणि त्या गठ्ठ्याला पोथीच म्हणत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे कागदाला ताठपणा यायचा.

फळीची जागा आता पुठ्ठ्यानं घेतली. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत जो नागमोडी कागद असतो, त्याचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं, तेही उंच हॅटला आतून अस्तर लावायला! १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्सनं तो बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला वापरला. या पुठ्ठ्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो नागमोडी रेघांच्या बाजूनं सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. म्हणून दोन पुठ्ठे घेताना एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या.

हे सगळं आठवायला कारण आजीची सरस्वती. मंडळी, रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले. पुढे तो मळवलीला गेला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला, आणि १९७२ साली आगीत जळाला. एका चित्रासाठी कितीतरी दगड, प्रत्येक रंगाला वेगळा, आणि शेवटी वरून वॉर्निश. राजवाड्यातलं चित्र त्यामुळे चाळीतल्या देवघरात आलं. छापखाना गेला, आता उरलंय ते घरोघरच्या भिंतींवर.

आमची सरस्वती पणजीनं लग्नात आणलेली, म्हणजे शंभरी ओलांडलेली. टोरांटोच्या दादानं हात वर केलाय. दादा, राग नको मानूस, पण १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलाकृती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ती इंदूरला ताईकडे जाईल.

पण गुंडाळून नाही. जुनं वॉर्निश ठिसूळ झालंय, शिवाय पणजीनं साडीच्या काठाला टिकल्या लावल्यात. तेव्हा पोथीच करायची. चौकटीतून काढताना मागची लाकडी फळी फेकून द्यायची, तिच्या आम्लानंच कागद तपकिरी होतो. चित्रावर आम्लरहित टिश्यू, वर बबल रॅप थेट लावायचा नाही, त्याचे फोड वॉर्निशवर उमटतात. चित्राला सेलोटेप कुठेही नाही, चार कोपऱ्यांना कागदाचे खिसे. मग आडवेउभे पुठ्ठे, बाहेरून प्लॅस्टिक आणि खोकं. आणि हे दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पावसाळ्यात बांधलं तर आतली ओल आतच राहते.

ताई, खोकं आलं की लगेच उघडू नकोस, एक दिवस घरात तसंच राहू दे. आणि पुठ्ठे टाकू नकोस. तुझ्यानंतर ती कुणाकडे जाईल तेव्हा लागतीलच.