मुके जीव, कायदा आणि देवस्थानाचे दायित्व

यात्रेच्या दिवसांत कोणी नवसाचे बकरे आणतो, कोणी देवाच्या नावाने खोंड सोडतो. अशा जीवाविषयी कायदा काय सांगतो, अशी विचारणा बेळगाव परिसरातील भाविक आमच्याकडे वारंवार करतात. सर्वांच्या माहितीसाठी ही टिपणी देत आहोत.

रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजणारे संत एकनाथ आपल्या परंपरेने वंद्य मानले. प्राण्याला सुखदुःख जाणवते, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. ते कायद्यात कितपत उतरले, एवढेच पाहावयाचे आहे.

प्राण्याचे कायद्यातील स्थान

देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली प्रमथनाथ मलिक खटल्यात स्पष्ट केले. म्हणूनच देवाच्या नावे जमीन असू शकते. परंतु त्याच देवाला अर्पण केलेला जिवंत वळू मात्र कायद्याने आजही मालमत्ताच समजला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लीकट्टू प्रकरणी प्राण्यांच्या वेदनेची गंभीर दखल घेतली आणि राज्यघटनेच्या ५१-क (छ) या कलमातील भूतदयेच्या कर्तव्यावर भर दिला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली प्राण्यांना वैध व्यक्तीचा दर्जा घोषित केला. मात्र २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही, आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडू या राज्यांनी अशा खेळांसाठी केलेल्या कायदादुरुस्त्या वैध ठरविल्या. तात्पर्य, प्राण्याला हक्क नसले तरी माणसाला कर्तव्य आहे.

देवस्थानाला लागू होणाऱ्या तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ३ प्रमाणे, प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेणे बंधनकारक आहे. कलम ११ प्रमाणे मारहाण, उपासमार आणि प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र केवळ १० ते ५० रुपये एवढाच आहे.

याच अधिनियमाच्या कलम २८ मध्ये धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने केलेल्या वधास सूट आहे. या कलमाचा आधार पुष्कळ जण सांगतात. परंतु कर्नाटकात १९५९ चा प्राणिबळी प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. त्यानुसार सार्वजनिक पूजास्थानी व त्याच्या आवारात बळी देण्यास मनाई आहे, आणि आपल्या ताब्यातील जागेत जाणूनबुजून बळी देऊ देणाराही दोषी ठरतो. म्हणजेच, येथे जबाबदारी एकट्या नवसकऱ्याची नसून विश्वस्तांचीही आहे.

आमची भूमिका

नवस हा श्रद्धेचा विषय आहे, आणि पूर्वजांनी बोललेला नवस मोडताना मनाला लागणारी रुखरुख आम्ही जाणतो. तथापि ज्या जीवाला स्वतःचे गाऱ्हाणे मांडता येत नाही, त्याचा भार देवाच्या दारी आलेल्या माणसानेच वाहावयास हवा. बळीच्या जागी नारळ वा कोहळा अर्पण करावा. खोंड सोडावयाचा असल्यास त्याच्या चाऱ्यापाण्याची व निवाऱ्याची कायमची व्यवस्था आधी करावी आणि तसे कार्यालयात कळवावे, ही सर्व भाविकांना नम्र विनंती.

— चिटणीस, विश्वस्त मंडळाकरिता