परवाना कुणाच्या नावावर?

ब्रिटनमध्ये रात्री पबच्या किंवा नाइटक्लबच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दंडावर बहुधा पारदर्शक पट्ट्यात बसवलेले एक कार्ड दिसते. त्यावर त्याचा फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असते. ‘डोअर सुपरव्हायझर’चा हा परवाना सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी, म्हणजे एसआयए, ही सरकारी संस्था देते. तो नसताना हे काम करणे गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असा परवाना गिऱ्हाइकांच्या सुरक्षिततेच्या काळजीतून आला असेल, असे कुणालाही वाटेल. काळजी होती, पण परवान्याचे मूळ दाराच्या मालकीवरून झालेल्या झगड्यात आहे. म्हणूनच तो माणसाच्या नावावर निघतो. आपल्या देशात तो एजन्सीच्या नावावर निघतो. या दोन कायद्यांची कुळे शेजारी ठेवून पाहिली, की दोन्हीकडे अर्धेच काम झाले आहे हे लक्षात येते.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटनमधल्या दारावरच्या माणसाची पात्रता मालक ठरवी. दणकट शरीर आणि वस्तीत दरारा एवढे त्याला पुरे होते. ब्रूस जॉर्ज हे मजूर पक्षाचे खासदार खासगी सुरक्षेवर कायदा हवा म्हणून वर्षानुवर्षे संसदेत आग्रह धरत राहिले, पण सरकारांनी ते मनावर घेतले नाही. १९८८च्या सुमारास ॲसिड हाउस संगीत आणि एक्स्टसी या अमली पदार्थाच्या गोळ्या एकदमच क्लबांत शिरल्या आणि दाराचा अर्थ बदलला. आत कोणता विक्रेता येणार आणि कोणता बाहेर राहणार, हे दारातला माणूस ठरवतो. त्यामुळे टोळीला क्लब विकत घ्यायची गरज उरली नाही; दारावर आपली माणसे बसवली की आतला सगळा धंदा हातात येई. मँचेस्टरचा प्रसिद्ध ‘हासिएन्डा’ क्लब टोळ्यांच्या धमक्या आणि बंदुकांमुळे १९९१ मध्ये काही काळ बंद ठेवावा लागला आणि १९९७ मध्ये कायमचा बंद झाला. १९९५च्या नोव्हेंबरात एसेक्समध्ये एक्स्टसीची गोळी घेतल्यावर अठरा वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा सारा देश हादरला. पुढच्याच महिन्यात त्याच परगण्यातल्या रेटेन्डन गावाजवळ तिघांना मोटारीत गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांच्यातला एक जण क्लबांना दारावरची माणसे पुरवणारी कंपनी चालवत होता. १९९८ मध्ये गृहखात्याच्या संशोधन विभागाने क्लब, अमली पदार्थ आणि दारावरची माणसे यांच्या संबंधांवर स्वतंत्र अहवालच काढला.

तोवर काही नगरपालिकांनी करमणुकीच्या परवान्याच्या अटींमध्ये दारावरच्या माणसांची नोंदणी आणून पाहिली होती. पण एका गावाची नोंदणी दुसऱ्या गावात चालत नसे, आणि एका गावाने नाकारलेला माणूस शेजारच्या गावात उजळ माथ्याने उभा राहू शके. २००१चा प्रायव्हेट सिक्युरिटी इंडस्ट्री ॲक्ट या अनुभवावरचे उत्तर होते. २००३ मध्ये एसआयए स्थापन झाली, आणि २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये परवान्याशिवाय दारावर काम करणे बेकायदा ठरले. ओळखीची खातरजमा, गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी आणि मान्य अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण या परवान्याच्या मुख्य अटी आहेत आणि मुदत तीन वर्षांची आहे. झडती कशी घ्यावी, भांडण हातघाईवर येण्याआधी कसे थोपवावे, अमली पदार्थांची लक्षणे कोणती, मद्यपरवान्याचा कायदा काय सांगतो, हे सगळे शिकावे लागते. २०१० मध्ये बळाच्या मर्यादित वापराचे प्रशिक्षण त्यात आले आणि २०२१ पासून प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. परवाना व्यक्तीच्या नावावर ठेवण्यात मला मोठे शहाणपण दिसते. टोळीची कंपनी एका रात्रीत नाव बदलू शकते. माणसाला आपला पूर्वेतिहास असा बदलता येत नाही.

महाराष्ट्रात मात्र ही कथा कामगाराच्या बाजूने सुरू झाली. १९६९च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे उभी राहिली. रक्षकाने मंडळाकडे नोंद करायची, मालकाने पगार मंडळामार्फत द्यायचा, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची जबाबदारी मंडळाने पाहायची, ही रचना. रक्षकाला माणूस म्हणून पाहणारा हा कायदा राज्याला भूषणावह आहे, पण सूट मिळवलेल्या एजन्सींची माणसे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. पुढे केंद्राचा २००५चा खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा आला. त्यात परवाना एजन्सीला मिळतो. रक्षकाला एजन्सीने दिलेले फोटो-ओळखपत्र मिळते आणि नोकरी सुटली की तेही परत करावे लागते. १६० तासांचे प्रशिक्षण कागदावर बंधनकारक आहे. त्यात अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी असे विषय आहेत. पण सोसायटीच्या फाटकावर बसणारा आणि मध्यरात्री बारच्या दारात उभा राहणारा यांच्यात हे नियम फरक करत नाहीत. मुंबई, पुणे किंवा गोव्यात ज्याला सगळे बाउन्सर म्हणतात, त्याच्या कामाचे वेगळे प्रशिक्षण कायद्याला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की व्यक्तीला परवाना दिल्याने ब्रिटनमध्ये तरी काय साधले? २००७ मध्ये उघड झाले, की कामाचा हक्क नसलेल्या हजारो परदेशी लोकांनाही एसआयएचे परवाने मिळाले होते. २०१७ मध्ये मँचेस्टर अरीनाच्या बॉम्बस्फोटात २२ जण मारले गेले. संशयास्पद माणसाबद्दल एका प्रेक्षकाने कर्मचाऱ्याला सांगितले होते, ते सुरक्षा रक्षकापर्यंत पोचलेही. पण त्याचा वायरलेस नियंत्रण कक्षाला लागला नाही आणि गोष्ट तिथेच थांबली. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचा नीट विचार करायला हवा. अरीनात चूक एकट्या माणसाची नव्हती. माणसे नेमणारी, त्यांना काम समजावून सांगणारी आणि संपर्काची व्यवस्था लावणारी यंत्रणा कमी पडली. ब्रिटनमध्ये कंपनीला परवाना सक्तीचा नाही, फक्त ऐच्छिक मान्यता आहे. या बॉम्बस्फोटाच्या चौकशीचे अध्यक्ष सर जॉन सॉन्डर्स यांनी कंपन्यांनाही परवाना सक्तीचा करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले ते यामुळेच. म्हणजे जे आपल्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही, आणि जे त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मराठवाड्यातून किंवा बिहारमधून मुंबईत आलेला, बारा-बारा तास उभा राहणारा माणूस प्रशिक्षणाचे आणि परवान्याचे पैसे कुठून आणणार? ब्रिटनमध्ये हा खर्च बहुधा अर्जदाराच्याच खिशातून जातो, आणि तो पायंडा इथे आणणे अन्यायाचे होईल. पण परवाना त्याच्या नावावर असेल, तर एजन्सी बदलली तरी त्याची पात्रता त्याच्यापाशी राहते. आज ओळखपत्रच एजन्सीचे असल्यामुळे आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेला रक्षकही नव्या ठिकाणी नवखा ठरतो. शिवाय दारातल्या माणसाच्या हातात किती सत्ता असते, याचा अंदाज ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डिक हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून येतो. मँचेस्टरच्या मध्यभागी आठवड्याच्या शेवटी सुमारे ७५,००० लोकांच्या गर्दीसाठी साधारण ३० पोलीस, तर दारांवर सुमारे १,००० माणसे असत, असे त्यांनी नोंदवले. आपल्या शहरांतही रात्रीची करमणूक वाढते आहे. कुणाला धक्का द्यायचा, कुणाला अडवायचे, कुणाची झडती घ्यायची, हे ठरवणारा माणूस कायद्याच्या नजरेत एजन्सीची निव्वळ सावली असू नये.

महाराष्ट्राकडे यासाठी लागणारी अर्धी यंत्रणा तयार आहे. १९८१च्या कायद्याखालची मंडळे रक्षकांची नोंद ठेवतात आणि मालकांकडून पैसेही गोळा करतात. त्याच मंडळांनी बार, क्लब आणि मोठ्या कार्यक्रमांच्या दारावर काम करणाऱ्यांसाठी वेगळे प्रशिक्षण सुरू करावे, त्याचा खर्च मालकांकडून घ्यावा आणि परवाना रक्षकाच्या स्वतःच्या नावाने द्यावा. एजन्सीचा परवाना केंद्राच्या कायद्यानुसार आहेच, तो राहू द्यावा. कामगार खात्याने आणि गृहखात्याने एकत्र बसून हा बदल हाती घ्यावा.