दातिवरे : वैतरणामुखावरून दिसणारा जगाचा इतिहास

दातिवरे : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील (तालुका पालघर) समुद्रकाठचे गाव. वैतरणा नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर ते वसले आहे. समोर, पाण्यापलीकडे अर्नाळ्याचे बेट व जलदुर्ग. जवळचे रेल्वे स्थानक सफाळे. गावात कोळीवाडा आहे आणि मासेमारी हा जुना व्यवसाय. पोर्तुगीजकालीन कोटाचे आणि जवळच्या हिराडोंगरी टेकडीवरील टेहळणीच्या ठाण्याचे अवशेष येथे आढळतात. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून गाव नव्या जिल्ह्यात मोडते.

प्रस्तुत नोंदीत या गावाचा विचार एका विशिष्ट अंगाने केला आहे. आजचे जागतिक राजकारण आणि आपल्या डोळ्यांदेखत बदलणारा समाज समजून घ्यायला जगाचा इतिहास कसा उपयोगी पडतो, हे दातिवरे ते तारापूर या किनारपट्टीवर फार स्पष्टपणे पाहता येते. दूरच्या राजधान्यांत झालेले निर्णय इथल्या खाड्यांत पाचशे वर्षे उतरत आले आहेत.

पहिला असा निर्णय लिस्बनचा. मिरी आणि मसाल्याचे पदार्थ तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे व्हेनिसला जात. हा मार्ग टाळून आफ्रिकेला वळसा घालणारा रस्ता पोर्तुगालने शोधला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५०९ मध्ये दीवजवळच्या लढाईत पोर्तुगीजांनी मामलुक व गुजरातच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. देश मात्र लहान, माणसे थोडी. एवढ्या बळावर विस्तीर्ण मुलूख जिंकणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी समुद्रावरच्या वाटा धरल्या. व्यापारी जहाजाने पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यायचा, ठरलेल्या बंदरात जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या दस्तकाचा हक्क याच पद्धतीने बजावला. समुद्र कोणाचा, हा प्रश्न म्हणजे वाटेवर तपासणी कोण करू शकतो हा प्रश्न असतो, हे त्या काळी दोन्ही बाजूंनी नेमके ओळखले होते.

दातिवऱ्यासमोरचे खाडीमुख पोर्तुगीजांच्या हाती कसे गेले, हे मात्र केवळ आरमाराच्या बळाने उलगडत नाही. १५३०-३१ च्या सुमारास त्यांनी वैतरणेच्या दक्षिणेकडील आगाशी लुटली, जाळली; तरी मुलूख मिळाला नाही. तो मिळाला २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यावर उत्तरेकडून हुमायून चालून येण्याची चिन्हे होती. पाठ सुरक्षित राहावी म्हणून सुलतानाने वसई आणि तिच्या अंमलाखालचा प्रदेश सोडून दिला. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईत परवाना घ्यावा, हे कलमही मान्य केले. मध्य आशियातून आलेल्या एका राजघराण्याच्या दबावाने कोकणातली खाडी युरोपच्या टोकावरच्या राजाकडे गेली. १५३७ मध्ये बहादूरशाह दीवजवळ समुद्रात मारला गेला आणि १५३८ मध्ये उस्मानी तुर्कांचे आरमार दीववर येऊन परत गेले. १५५९ मध्ये दमण घेतल्यावर वसई ते दमण अशी पोर्तुगीजांची किनारपट्टी जुळून आली. अर्नाळा, दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही तिच्यावरची ठाणी. त्यांत दातिवऱ्याचे ठाणे लहान, पण जागा मोक्याची : नदीतून वर-खाली जाणारी होडी इथून नजरेखालून जाई.

उत्तर कोकणाच्या या काळाबद्दल स्थानिक बाजूने बोलणारे साधन म्हणजे महिकावतीची बखर. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली आणि तिला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत एक अस्वस्थ करणारा प्रश्न मांडला : राज्यकर्ते बदलले तरी सामान्य माणूस इतका उदासीन का राहिला? राजवाड्यांची सगळीच उत्तरे आज मान्य होण्यासारखी नाहीत. प्रश्न मात्र आजही तितकाच जिवंत आहे. राजकीय सत्तांतर आणि समाजातला बदल यांचा वेग एक नसतो. पोर्तुगीज अंमल दोनशे वर्षांनी संपला, पण त्या काळात ख्रिस्ती झालेले समाज वसई परिसरात आपली बोली, शेती आणि श्रद्धा सांभाळून राहिले. १७३९ च्या मराठ्यांच्या विजयानंतरही ते इथलेच राहिले.

त्या विजयाची हकिगत मराठी वाचकाला पाठ असते : १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली, त्याच वर्षी अर्नाळा आला, जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडले, तारापूरच्या वेढ्यात बाजी भीवराव रेठरेकर कामी आले, मे महिन्यात वसई घेतली. मराठ्यांच्या पराक्रमाला यात पहिले स्थान आहे आणि ते राहिलेच पाहिजे. पण पोर्तुगाल इतका दुबळा का झाला होता, याचे उत्तर कोकणाबाहेर सापडते. १५८० ते १६४० पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता, त्यामुळे स्पेनचे शत्रू असलेले डच पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील ठाण्यांवरही तुटून पडले. १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६५० मध्ये ओमानी अरबांनी मस्कत घेतले आणि १६७४ मध्ये ते थेट वसईवर चालून आले. १६६१ च्या विवाह-तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये सोने सापडले आणि लिस्बनचे लक्ष तिकडे वळले. मराठे लढले ते अशा साम्राज्याशी, ज्याला आता हा किनारा पूर्वीइतका मोलाचा राहिला नव्हता.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. वसईचा वेढा चालू असताना नादिरशाह दिल्लीत होता. मार्च १७३९ मध्ये तिथे कत्तल झाली आणि बाजीरावांना फौजा उत्तरेकडे हव्या होत्या. त्या वसईत अडकल्या होत्या. इराणमधल्या घडामोडीचा ताण असा थेट कोकणातल्या मोर्च्यांवर पडला. मुंबईचे इंग्रज या युद्धात पोर्तुगीजांच्या बाजूने उतरले नाहीत आणि वसई पडल्यावर जुलै १७३९ मध्ये त्यांनी मराठ्यांशी तह केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. त्यामागेही नेपोलियनची इजिप्तवरील १७९८ ची स्वारी आणि शिंद्यांच्या फौजेतल्या फ्रेंच सेनानींबद्दल गव्हर्नर-जनरल वेलस्लीला वाटणारी धास्ती होती.

१८६४ मध्ये वैतरणेवरून रेल्वे मुंबईला पोहोचली तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले होते. लोहमार्गाच्या पूर्वेकडील वारल्यांच्या वाट्याला मात्र वेगळे जग आले. गुलामगिरीला कायद्याचा आधार काढून घेणारा अधिनियम १८४३ मध्ये झाला, तरी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ शंभर वर्षांनीही डहाणू-तलासरीत होता. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठीविरुद्ध लढा उभारला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याबद्दल आहे. वेठबिगारीवर देशव्यापी कायदा यायला १९७६ उजाडले. कायदा आणि मुक्ती यांच्यामधले अंतर किती मोठे असते आणि ते संघटनेशिवाय कापले जात नाही, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा आणि रशियातील भूदासांचा इतिहास वाचणाऱ्याला पालघरच्या जंगलपट्टीतही ओळखू येईल.

आजच्या भूराजकारणाचा सर्वांत स्वच्छ धडा तारापूरच्या अणुवीज केंद्रात आहे. आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये ‘शांततेसाठी अणू’ हे धोरण मांडले. त्याच धोरणाच्या चौकटीत १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला : अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेचे. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि इंधनाचा पुरवठा अडू लागला. मग फ्रान्स आला, पुढे चीन, नंतर रशिया. भट्टी आपल्या जमिनीवर, वीज आपली, पण किल्ली दुसऱ्याच्या देशातल्या संसदेत : परावलंबन कसे असते हे कार्ताझचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळे समजावावे लागत नाही. फरकही लक्षात घ्यायला हवा. सोळाव्या शतकात नाखव्यापुढे परवाना किंवा जप्ती एवढेच पर्याय होते; स्वतंत्र भारताने पुरवठादार बदलले, स्वतःच्या बनावटीच्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या २००५-०६ मध्ये त्याच आवारात उभ्या केल्या. या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. राष्ट्राच्या स्वावलंबनाच्या हिशेबात त्यांची किंमत धरल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

याच रांगेत आता डहाणू तालुक्यातील वाढवण बंदर आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. आराखड्यात १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे. मधल्या पंचवीस वर्षांत कंटेनरची जहाजे प्रचंड मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवे झाले, आणि चीनच्या बंदरांशी स्पर्धा हा राष्ट्रीय धोरणाचा भाग बनला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत–मध्यपूर्व–युरोप मार्गाची घोषणा झाली. वाढवण त्या मार्गाचे प्रवेशद्वार ठरेल असे सरकार सांगते. घोषणेनंतर महिनाभरात गाझात युद्ध पेटले, हुथींच्या हल्ल्यांमुळे जहाजांनी तांबडा समुद्र टाळला आणि वास्को द गामाचाच आफ्रिकेचा वळसा पुन्हा धरला.

वाढवणला ‘नवे पोर्तुगीज’ म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. मुंबई बेटावरच्या जुन्या गोद्यांपासून न्हावाशेव्यापर्यंतचा अनुभव याहून उपयोगी पडतो : बंदर आल्यावर किनाऱ्यावरचे पाणी, गाळ आणि माशांच्या वाटा बदलतात, रोजगार बहुधा दुसऱ्या कौशल्याचा असतो, आणि भरपाई जमिनीच्या सातबाऱ्यावर मोजली जाते. समुद्राला सातबारा नाही. डोल जाळ्याने बोंबील धरणाऱ्या किंवा पापलेटच्या हंगामावर जगणाऱ्या कुटुंबाचा समुद्रावरचा हक्क वहिवाटीचा असतो, कागदाचा नसतो. मच्छीमार संघटनांचा विरोध मुख्यतः इथेच आहे आणि तो समजून न घेता केलेली भूराजकीय चर्चा अपुरी राहील.

या किनाऱ्याच्या इतिहासाची साधने मोडी, पोर्तुगीज, फारसी आणि इंग्रजी अशा अनेक दप्तरांत विखुरलेली आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या पुराभिलेखागारात बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांची कागदपत्रे उजेडात आणली. पालघर, सफाळे, बोईसरच्या महाविद्यालयांतून मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचू शकणारे विद्यार्थी आता तयार झाले पाहिजेत, आणि वाढवणबद्दल जे अहवाल लिहिले जातील ते याच किनाऱ्यावरच्या माणसांनी वाचून तपासले पाहिजेत.