साखर उद्योगाचा पैसा आणि संशोधकांचे मौन

विद्यापीठीय संशोधनाला उद्योगांकडून अर्थसाहाय्य मिळणे ही जुनी गोष्ट आहे. हे साहाय्य वाचकांसमोर जाहीर करण्याचा दंडक मात्र अलीकडचा आहे. या दोहोंमधील अंतराची किंमत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रकरणातून लक्षात येते.

१९६० च्या दशकात हृदयविकाराचे कारण आहारातील स्निग्ध पदार्थ की साखर, हा वाद तेथे रंगला होता. १९६५ मध्ये साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने हार्वर्डच्या आहारशास्त्र विभागातील संशोधकांकडे या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेण्याचे काम सोपविले. मोबदला ठरला ६,५०० डॉलर. मॅकगँडी, हेगस्टेड आणि विभागप्रमुख स्टेअर यांचा हा आढावा १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात साखरेकडे बोट दाखविणाऱ्या अभ्यासांची कसून चिकित्सा होती. स्निग्ध पदार्थांविरुद्धच्या पुराव्यांना तीच कसोटी लावलेली नव्हती. लेखाचा मसुदा छपाईपूर्वी फाउंडेशनचे अधिकारी जॉन हिक्सन यांनी पाहिला होता. लेखात अन्य अर्थसाहाय्याचा उल्लेख होता, साखर उद्योगाचा नव्हता.

हे उघड झाले २०१६ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्रिस्टिन कर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथालयांत जतन केलेल्या जुन्या पत्रव्यवहारातून हा व्यवहार उजेडात आणला. तोवर खुलासा देण्यास संबंधित संशोधक हयात नव्हते.

तथापि, आजच्या नियमांनी त्या काळाचा न्याय करणे योग्य नाही. त्याच नियतकालिकाने लेखकांकडून आर्थिक हितसंबंधांची माहिती मागण्यास सुरुवात केली ती १९८४ मध्ये. जॉन्स आणि ओपनहायमर या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मधून दाखवून दिले की, उद्योगांचा निधी घेणे तेव्हा सर्वमान्य होते आणि केवळ या पत्रांवरून कटाचा निष्कर्ष काढता येत नाही.

हा आक्षेप मान्य केला तरी मूळ प्रश्न उरतोच. संशोधकांचे मत पैशामुळे बदलले की ते आधीपासूनच तसे होते, हे ठरविण्याचे साधन १९६७ च्या वाचकाला मिळाले नाही. आर्थिक हितसंबंध जाहीर करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, तसेच ते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्रही नव्हे. तो वाचकाच्या हाती दिलेला पुरावा असतो. म्हणूनच विद्यार्थ्यांना शोधनिबंध वाचावयास शिकविताना निष्कर्षाइतकेच त्याखालील अर्थसाहाय्याच्या ओळीकडेही त्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे ठरते.